रुग्णसेवेचे दान : यंत्र आणि त्यानंतरचा खर्च



मी वक्ता नव्हे, कापडाचा व्यापारी. परंतु सुवर्णमहोत्सवी वैद्यकीय निधीविषयी दोन शब्द बोलावेत अशी अध्यक्षांची आज्ञा झाली, म्हणून आपणांसमोर उभा आहे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी औषधदानाची मुंबईतील परंपरा थोर आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि १८४५ मध्ये त्यांच्या नावाचे रुग्णालय उघडले. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अध्यापकवर्ग सुयोग्य भारतीयांचाच असावा, अशी अट घातली. ते महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. पारतंत्र्याच्या काळातील ही अट मला इमारतीहून मोठी वाटते. पैसा देताना आत काम कोण करणार, याची चौकशी त्या दात्यांनी केली होती.

माझ्याकडून नेमकी हीच चौकशी राहून गेली. मातोश्रींच्या स्मरणार्थ आम्ही बंधूंनी एका रुग्णालयास डायलिसिसचे यंत्र दिले. समारंभ झाला, संगमरवरी नामफलक लागला. तीन वर्षांनी दुकानातील एका जुन्या नोकराच्या पत्नीस उपचारासाठी तेथे घेऊन गेलो, तो यंत्रावर चादर घातलेली! देखभालीचा करार संपला होता आणि तंत्रज्ञ अधिक पगारावर अन्यत्र गेला होता. त्या माऊलीस आठवड्यातून दोन वेळा एस.टी.ने परगावी जावे लागले. फलक मात्र नित्य पुसला जात असावा. आईचे नाव स्वच्छ चकाकत होते. रुग्णालयास मी दोष देत नाही. पुढील खर्चाचे काय, हे आम्ही विचारलेच नव्हते.

वाणिज्य शाखेचा पदवीधर असूनही भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च यांतील भेद मी विसरलो, याची लाज वाटते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णास बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस लागते. डायलायझर, नळ्या, शुद्ध पाण्याचा संच, वीज, तंत्रज्ञाचे वेतन, हे सारे अखंड चालू राहावे लागते. आमच्याकडे काही गिऱ्हाइके असतात, ती सारे पैसे सुटाच्या कापडावर खर्चतात. शिलाईला काही उरत नाही आणि कापड कपाटातच राहते. आमचे दान तसे झाले.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार बिलांच्या रकमेतील २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा होतात. कायद्याने रोजच्या खर्चाची सोय पाहिली. दात्यांनी ती का पाहू नये?

म्हणून माझी सूचना अशी, की जमलेल्या निधीतील निम्मीच रक्कम यंत्रखरेदीस द्यावी. उर्वरित रक्कम ध्रुवनिधी म्हणून बँकेत ठेवून तिच्या व्याजातून गरजू रुग्णांचा खर्च भागवावा. नामफलकाविना देणगी मिळत नाही, असे काही विश्वस्तांचे म्हणणे आहे. पावतीपुस्तक घेऊन मी स्वतः दारोदार हिंडलो असल्याने ते खोटे नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु आपल्या भोजनशाळेत कायम तिथी लिहून घेतात. दात्याने एकदा रक्कम द्यावी, दरवर्षी त्या तिथीस त्याच्या नावाने भोजन व्हावे आणि त्या दिवशी फळ्यावर त्याचे नाव लागावे, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. हीच रीत डायलिसिसला का लागू करू नये? मातोश्रींच्या पुण्यतिथीचा दिवस मी आजच लिहून देतो. खजिनदारांनी कृपया नोंद घ्यावी.