भांडवली तोटा वाया घालवू नका
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, मग विवरणपत्र भरायचे कशाला, असे आपल्यापैकी बरेच जण म्हणतात. पण आता घरोघरी थोडेफार शेअर असतात, म्युच्युअल फंड असतो, तालुक्याला एखादा बिनशेती प्लॉट असतो. यांपैकी काही विकून तोटा आला, तर तो नुसता सोसून गप्प बसू नये.

एक उदाहरण घेऊ. पाच वर्षांपूर्वी घेतलेला प्लॉट विकला, ३ लाख रुपये नफा झाला. त्याच आर्थिक वर्षात, सहा महिने ठेवलेले शेअर विकले आणि १ लाख २० हजार बुडाले. हा तोटा नफ्यातून वजा होतो. करपात्र नफा उरतो १ लाख ८० हजार. १२.५ टक्के दर धरला तर कर ३७,५०० ऐवजी २२,५०० रुपये बसतो.

मात्र मुदत पाहावी लागते. बाजारात नोंदलेले शेअर १२ महिन्यांहून जास्त, आणि जमीन, घर किंवा सोने २४ महिन्यांहून जास्त ठेवले, तर ती दीर्घ मुदत. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यांतून वजा होतो. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. पगार, दुकान किंवा दुधाचा धंदा यांच्या उत्पन्नातून यातला एक रुपयाही वजा होत नाही. भाव पडले पण शेअर विकलेच नाहीत, तर कायद्याच्या लेखी तोटा झालेलाच नाही.

खेड्यातली शेतजमीन यात धरू नका. नगरपालिकेच्या हद्दीपासून, तिच्या लोकसंख्येप्रमाणे, २, ६ किंवा ८ किलोमीटर सरळ अंतराच्या पलीकडची शेतजमीन ही भांडवली मालमत्ताच नव्हे. तिच्या नफ्यावर कर नाही, तसा तिचा तोटाही कामी येत नाही. हुमणीने ऊस खाल्ला किंवा चाळीत कांदा सडला, हे नुकसान कितीही खरे असले तरी तेही भांडवली तोट्यात बसत नाही.

यंदा वजा करायला नफाच नसेल, तर तोटा पुढची ८ वर्षे ओढता येतो. आपले लोक फसतात ते इथेच. त्यासाठी तोट्याच्या वर्षाचे विवरणपत्र मुदतीच्या आत भरलेले लागते, उत्पन्न करपात्र नसले तरीही. उशिरा भरले की तो तोटा पुढे नेता येत नाही. म्हणून खरेदी-विक्रीचे कागद सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवा आणि जूनमध्येच, पेरणीच्या गडबडीआधी, कर सल्लागाराकडे नेऊन द्या.