जुने संगीत जपताना



आज मोबाईलमध्ये शेकडो गाणी मावतात. त्यामुळे जुने संगीत आता सुरक्षित आहे, असा आपला समज होतो. तो कितपत खरा आहे, यावर मी चार शब्द बोलणार आहे.

माइल्स डेव्हिस या कृष्णवर्णीय अमेरिकन ट्रम्पेटवादकाचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा जॅझ संगीताचा अल्बम १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला. पहिल्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होते. त्यामुळे ती टेप योग्य वेगाने वाजविली की सूर थोडे चढे लागत. तबकडीच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जगाने वर्षानुवर्षे तशाच ऐकल्या. सुदैवाने त्या दिवशी दुसऱ्या यंत्रावर राखीव टेपही घेतलेली होती. तिच्यावरून १९९२ साली चूक दुरुस्त झाली. ती टेप कोणी अडगळ म्हणून फेकली असती तर?

संगणकात संगीत साठवितानाही हाच विचार हवा. सीडीवर दर सेकंदाला आवाजाच्या ४४,१०० नोंदी असतात. एमपी३ पद्धत कानाला सहसा न जाणवणारा भाग काढून टाकते, म्हणून फाइल लहान होते. पण काढलेले पुन्हा मिळत नाही. २००१ साली आलेली ‘फ्लॅक’ पद्धत काहीही टाकत नाही. ती त्याच नोंदी आटोपशीर मांडते. जागा साधारण निम्मी लागते आणि वाजविताना मूळ आकडा न आकडा परत मिळतो. आम्ही बँकेत रोज हिशेब जुळवितो, तशी ताळा पाहण्याची सोयही तिच्यात आहे. खात्याचा गोषवारा हाती आहे म्हणून कोणी खातेवही फाडत नाही!

मात्र फ्लॅक चूक सुधारत नाही. सदोष टेप दिली तर दोषही जसाच्या तसा जपला जातो. एमपी३चे फ्लॅक केल्याने गेलेले परत येत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, घरातली जुनी कॅसेट उतरविताना आधी यंत्राचा वेग तपासा, टेपहेड स्वच्छ करा. आवाज फ्लॅकमध्ये घ्या. तो कशावरून, केव्हा, कोणत्या यंत्रावर घेतला, हे लिहून ठेवा. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. मोबाईलसाठी एमपी३ हवी तर त्या प्रतीवरून करा.

आणि मूळ कॅसेट टाकू नका. उद्या आपल्या नकलेतली चूक कोणाच्या लक्षात आली, तर ती दुरुस्त करायला मूळच लागेल.