काळवंडलेल्या चाव्या व वाद्यांची निगा

(रौप्यमहोत्सवाच्या पूर्वतयारीच्या सभेंत धर्मग्रामाच्या वाद्यवृंदापुढें केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाला पंचवीस वर्षें पूर्ण होत आहेत, त्यामुळें सध्यां जो तो चांदीचाच विचार करीत आहे. वेदीवरील मेणबत्त्यांच्या बैठका, धुपाटणें व दिवे यांना उजाळा देण्याचें काम भगिनींनीं अंगावर घेतलें आहे. त्याच उत्साहांत अशी सूचना पुढें आली आहे कीं, मिरवणुकीपूर्वीं आपल्या क्लॅरिओनेटांच्या काळवंडलेल्या चाव्याहि चिंच व राख लावून लखलखीत कराव्या. सूचना करणारांचा हेतु उत्तम आहे. तथापि तसें केल्यास मिरवणुकीच्या दिवशीं वाद्यें चकाकतील, पण नीट वाजणार नाहींत, अशी आम्हांस भीति वाटते. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागत आहों.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. आपल्या वृंदांतील कित्येक तरुण लग्नसराईंत बँडपथकांबरोबर गांवोगांव जातात. त्या मिळकतींतून कोणाचें पेरणीचें बियाणें येतें, कोणाच्या धाकट्या भावंडांचें शाळेचें शुल्क भरलें जातें. वाद्य बिघडलें तर त्या घरचा हंगाम बुडाला.

प्रथम वाद्याची रचना ध्यानांत घ्यावी. आपल्या सनईला चाव्या नसतात; तिचीं भोकें वादक बोटांनींच झांकतो. क्लॅरिओनेटची गोष्ट निराळी. जर्मनींतील न्युरेंबर्ग शहरच्या योहान ख्रिस्तोफ डेनर या कारागिरानें सन १७०० च्या सुमारास हें वाद्य घडविलें, तेव्हां त्याला अवघ्या दोन चाव्या होत्या. पुढें १८३९ च्या सुमारास पॅरिस येथें क्लोझे व ब्युफे यांनीं, बोम या बासरीवादकाच्या कल्पनेवरून, नवी मांडणी पुढें आणली. तींत सामान्यतः १७ चाव्या व ६ कड्या असतात. भोंक झांकणाऱ्या चावीखालीं नमद्याची एक लहान चकती असते व तिच्यावर नाजुक पापुद्र्याचें वेष्टण असतें; हिलाच आपण पॅड म्हणतों. चावीला जागेवर आणण्यासाठीं सुईसारखी बारीक पोलादी स्प्रिंग असते. पॅड भोंकावर तंतोतंत बसला तरच सूर निघतो. केंसाएवढी फट राहिली कीं खालचे सूर मुके होतात.

आतां धातूकडे वळूं. चाव्या बहुधा जर्मन सिल्वरच्या असतात. नांवांत चांदी असली तरी त्या धातूंत चांदीचा कणहि नाहीं. तांबें, निकल व जस्त यांचें तें मिश्रण आहे. त्यावर कोणी निकलचा, कोणी चांदीचा मुलामा देतात. निकल कालांतरानें धुरकट दिसूं लागतें. उघडें जर्मन सिल्वर पिवळसर होतें व घामानें त्यावर हिरवट डाग पडतात. चांदीचा मुलामा मात्र काळा पडतो. हा मुलामा बहुधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि पातळ असतो. आपल्या जिल्ह्यांतील खामगांव हें चांदीच्या व्यापारासाठीं प्रसिद्ध असून लोक त्यास रजतनगरी म्हणतात. तेथून आणलेलें चांदीचें ताट आजीनें घासलें, नातीनें घासलें, तरी वरच्या थराखालीं चांदीच असते. चावीचें तसें नाहीं. तिची चांदी एकदां घासून गेली कीं खालचें जर्मन सिल्वर उघडें पडतें, आणि पुन्हां मुलामा द्यावयाचा तर साऱ्या चाव्या उतरवून वाद्य दूरच्या कारागिराकडे पाठवावें लागतें.

चांदी काळी पडते ती लोखंडासारखी गंजून नव्हे. हवेंतील हायड्रोजन सल्फाइड नांवाच्या गंधकयुक्त वायूशीं तिचा संयोग होतो आणि सिल्वर सल्फाइडचा काळा थर तयार होतो. लोणारच्या सरोवराकाठीं चिखलाजवळ कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो याच जातीच्या वायूचा. परंतु चाव्या काळ्या पडण्यास लोणारला जावें लागत नाहीं. उघडें गटार, कोळशाचा धूर, कांदा, अंडें, लोकर व रबर यांतहि गंधक आहे. इतकेंच काय, आपल्यापैकीं पुष्कळांचीं क्लॅरिओनेटें लांकडाचीं नसून एबोनाइटचीं आहेत, आणि एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कठीण केलेलें रबरच होय. असें वाद्य उन्हांत पडून राहिलें तर त्याचा काळा रंग उतरून तें हिरवट तपकिरी होतें व त्यांतील गंधक चाव्यांना बाधतें. दमट हवेंत हें सर्व अधिक वेगानें घडतें, म्हणून आषाढ-श्रावणांत चाव्या विशेष काळवंडतात.

कारण कळलें कीं उपाय अवघड नाहीं, आणि त्याला फारसा खर्चहि नाहीं.

वाजविण्यापूर्वीं हात धुऊन कोरडे करावे. शेगांवची कचोरी आम्हांसहि आवडते. परंतु तेल, मीठ व कांदा लागलेलीं तींच बोटें चावीवर ठेवूं नयेत. वाजवून झाल्यावर रीड काढून पुसावी, नळींतून कापडाचा बोळा ओढून ओल टिपावी, आणि जुन्या धुवट धोतराच्या मऊ तुकड्यानें प्रत्येक चावीवरचा घाम हलक्या हातानें पुसावा. यास पांच मिनिटें लागतात, आणि वर्षभराचें निम्में काम तेथेंच होतें.

वाद्य पेटींतच ठेवावें; खुंटीला टांगूं नये व उन्हांत ठेवूं नये. पेटी रबराच्या पट्ट्यानें बांधूं नये, तशीच आंत लोकरीची चिंधी घालूं नये. फडक्याच्या पुरचुंडींत खडूचे तुकडे बांधून पेटीच्या कोपऱ्यांत ठेवावे. ते ओल शोषून घेतात. नव्या वस्तूंच्या खोक्यांतून सिलिका जेलच्या ज्या पुड्या येतात, त्याहि फेंकून न देतां याच कामीं लावाव्या. चांदी काळी पडूं नये म्हणून खास कागदाच्या पट्ट्या मिळतात. त्या गंधक स्वतः ओढून घेतात, म्हणून कांहीं महिन्यांनीं बदलाव्या लागतात.

इतकें करूनहि चावी काळी झालीच, तर चांदी पुसण्याचें तयार कापड मिळतें, त्यानें ती हळुवार पुसावी. वर्षांतून एकदोन वेळां पुरे. चावी दाबून धरूं नये, वांकवूं नये, आणि कापड पॅडला वा स्प्रिंगला लागूं देऊं नये. निकलच्या चावीला साधें कोरडें फडकेंच पुरेसें आहे.

चिंच, लिंबू, राख, विटेची पूड व दांत घासण्याची पेस्ट या पांच वस्तु मात्र वर्ज्य समजाव्या. राख, पूड व पेस्ट मुलामा खरवडून काढतात. चिंच व लिंबू यांतील आम्ल फटींत शिरून पोलादी स्प्रिंगा गंजवितें, आणि ऐन वाजवितांना स्प्रिंग तुटते. त्या लगद्याचें पाणी पॅडांत मुरलें कीं चकती फुगते, मग वाळून कडक होते, व भोंक झांकलें जात नाहीं. अल्युमिनमचा कागद, खाण्याचा सोडा व गरम पाणी यांची युक्ति पुष्कळांनीं ऐकली असेल. ती खोटी नाहीं. तिच्या योगानें काळ्या थरांतील गंधक अल्युमिनमकडे जातें व चांदी जागच्या जागीं राहते. पण ती चमच्यांसाठीं. पॅड व स्प्रिंगा लावलेली चावी पाण्यांत बुडविणें म्हणजे वाद्याचा नाशच होय.

तेलाविषयींहि एक शब्द. चाव्यांच्या सांध्यांत खोबरेल घालण्याची चाल आहे, ती सोडावी. खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं थिजतें. नाताळच्या पहांटे बुलढाण्याच्या थंडींत चाव्या जड कां होतात, हें यावरून कळेल. वाद्यांसाठीं मिळणारें पातळ तेल सुईच्या टोंकानें एक थेंब घालावें व ओघळलेलें टिपून घ्यावें.

आतां मुख्य मुद्दा. चावीच्या काळेपणानें सूर बिघडत नाहीं. तो थर इतका पातळ असतो कीं पॅडच्या बसण्यांत त्यामुळें अंतर पडत नाहीं. उलट घासण्याच्या भरांत वांकलेली चावी व भिजलेला पॅड सूर निश्चित बिघडवितात. म्हणून काळ्या चाव्यांचें वाद्य घेऊन मिरवणुकींत येण्यास कोणाहि मुलानें लाजूं नये, व कोणी त्यास हिणवूं नये. त्या चाव्या त्याच्या बोटांखालीं झिजल्या आहेत. कपाटांत पडून राहिलेल्या वाद्याहून त्यांचा मान मोठा आहे.

शेवटीं आम्ही तीन गोष्टी सुचवितों. मिरवणुकीपूर्वीं सर्व वाद्यें नुसत्या कोरड्या मऊ कापडानें पुसावीं. महोत्सवाच्या निधींतून वाद्यांसाठीं जी रक्कम ठेवली आहे, ती नव्या मुलाम्यावर न वेंचतां फाटलेले पॅड व निकामी स्प्रिंगा जाणत्या कारागिराकडून बदलून घेण्यासाठीं वापरावी. आणि प्रत्येक पेटींत एक पुसण्याचें फडकें व खडूची एक पुरचुंडी आजपासून असावी. भगिनी उजाळ्याचें काम करीतच आहेत, त्यांनीं ह्या पुरचुंड्या शिवून दिल्यास आम्ही त्यांचे ऋणी होऊं.

देवाच्या स्तुतीसाठीं हीं वाद्यें आपल्या हातीं आलीं आहेत व आपल्यामागून येणाऱ्या मुलांच्या हातीं तीं जावयाचीं आहेत. तीं वाजतीं राहोत, आणि तुम्हां सर्वांवर प्रभूचा आशीर्वाद असो.