एका संगणकात दोन प्रणाली

खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेनांकडून येणारे रेडिओ संकेत लिनक्सवर चालणारे संगणक हाताळतात. हीच मोफत प्रणाली जुन्नर-आंबेगावातल्या घरच्या संगणकावर विंडोजच्या शेजारी नांदू शकते. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुन्या यंत्रांसाठी ही वाट मला फार मोलाची वाटते.

विंडोजमधूनच डिस्कवर ४०-५० जीबी जागा मोकळी करा, मग पेन ड्राइव्हवरून उबुंटू किंवा मिंट ही लिनक्सची आवृत्ती बसवा. संगणक सुरू होताच ‘ग्रब’ची यादी येते, बाणाच्या कळीने प्रणाली निवडून एंटर दाबायचं. एका वेळी एकच चालते. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा, नाहीतर लिनक्समधून तिथल्या फायली बदलताना अडचण येते. आणि या सगळ्याआधी फोटो, सातबारा, मुलांचे दाखले यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्याच.