चौथी पाळी



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले आणि पुढचे युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटापुढे बसून झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवलेली नसेल, अशी आशा आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘चौथी पाळी’ असे कळविले. त्यांना वाटले, कारखानदारांनी कामगाराला राबविण्याची एखादी नवी युक्ती काढली असावी. तसे नाही. कारखान्यात पाळ्या तीनच असतात : पहिली, दुसरी आणि रात्रीची. चौथी पाळी खोलीवर भरते. स्वयंपाक, भांडी, धुणे, केर, पाणी. तिला मस्टर नाही, भोंगा नाही, आणि जादा कामाचा दर तर नाहीच. घर सोडून प्रथमच बाहेर पडलेला तरुण ही पाळी कशी शिकतो आणि शिकलेली पुढे का विसरतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीभोवती महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी अशी गावे आहेत. तेथे पूर्वीच्या शेतांत आता खोल्यांच्या चाळी उभ्या आहेत. एका खोलीत चार-पाच मुले. कोणी लातूरकडचा, कोणी नांदेड-बीडचा, कोणी बुलढाणा-यवतमाळचा. वय वीस-बावीस, आय. टी. आय.चा दाखला, नोकरी कंत्राटी. रविवारी आम्ही या खोल्यांतून हिंडतो. वर्गणी हे निमित्त. खरे काम म्हणजे बसून बोलणे.

या मुलांना कोणी अडाणी समजू नये. त्यांतला फिटर मायक्रोमीटर वाचतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक धरतो. पण एक वाटी डाळीला पाणी किती, हे त्याला ठाऊक नसते. घरी ताट वाढून पुढे आले आणि जेवण झाले की कोणीतरी उचलून नेले; ते कोण, हे पाहण्याचीही गरज पडली नाही. पहिला महिना डब्यावर जातो. डब्याचे पैसे पगाराचा लचका तोडू लागले की मग रात्री वडापाव, सकाळी चहा-बिस्कीट. तिसऱ्या महिन्यात पोट बिघडते, पाळी चुकते, पाळी चुकली की पगार कापला जातो. मग चौघे मिळून एक शेगडी, पाच किलोचे लहान सिलिंडर आणि कुकर घेऊन येतात.

पहिली शिक्षिका म्हणजे फोनवरची आई. मुलगा विचारतो, ‘मीठ किती घालू?’ आई म्हणते, ‘अंदाजाने घाल.’ त्या एका ‘अंदाजा’त तिची वीस-पंचवीस वर्षांची उमेदवारी साठवलेली असते, आणि तिची परीक्षा कोणी घेतली नाही म्हणून तिला दाखलाही मिळाला नाही. मुले तो अंदाज आपल्या पद्धतीने मापात उतरवतात. तांदूळ एक वाटी तर पाणी दोन वाट्या. तूरडाळ आधी अर्धा तास भिजत. एका खोलीत हे सारे खडूने दारामागे लिहिलेले आम्ही पाहिले आहे, अगदी यंत्राच्या सेटिंगसारखे.

भाकरी मात्र मापात सापडत नाही. गव्हाची कणीक चिकटपणा धरते, ज्वारीच्या पिठात तो नसतो. म्हणून त्यात आधणाचे पाणी घालावे लागते आणि तळहाताच्या बुडाने एका भाकरीपुरतेच पीठ मळून लगेच थापावे लागते. पीठ जुने होऊन विरी गेली असेल तर भाकरी उचलतानाच तुटते. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचे, ते सुकत आले की उलटायची. आधी उलटली तर चिकटते, उशीर झाला तर तडकते. मराठवाड्याची मुले पोळी सोडून याच भाकरीच्या मागे लागतात. महिनाभर ती तुटकी भाकरी आमटीत कुस्करून खातात आणि एके दिवशी एखादी टम्म फुगते. त्या रात्री त्या खोलीत जो आरडाओरडा होतो तो बोनस जाहीर झाल्यावरही आम्ही ऐकलेला नाही.

पण खरी गोष्ट स्वयंपाकाची नाही. स्वयंपाकाला शाबासकी मिळते. भांडण होते ते भांड्यांवरून. करपलेला कुकर घासणाऱ्याचे कौतुक कोणी करीत नाही. म्हणून भिंतीवर कागद लागतो : सोमवारी स्वयंपाक कोणाचा, भांडी कोणाची, पाणी कोणी भरायचे, फरशी कोणी पुसायची. कारखान्यातल्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे कागदही दर रविवारी नवा करावा लागतो. रात्रपाळीहून आलेल्याने झोपावे की पाणी भरावे, पहिल्या पाळीवाल्याने पहाटे पाचला डबा भरताना दिवा लावावा की नाही, अशा प्रश्नांची वाटाघाट ही मुले स्वतः करतात. पुष्कळ मोठ्या वाटाघाटींत आम्ही बसलो आहोत. इतकी चोख थोड्याच पाहिल्या.

एका खोलीची हकीकत सांगतो. आठ खोल्यांत मिळून दोन संडास होते आणि साफसफाईचा वार खोल्यांनी वाटून घेतलेला होता. या खोलीच्या कागदावर त्या कामाचा रकानाच नव्हता. पहिल्या आठवड्यात ते काम एका मुलाकडे गेले, दुसऱ्या आठवड्यातही त्याच्याकडेच. कोणी तसे म्हटले नव्हते. त्याच्या आडनावाकडे पाहून ते आपोआप ठरले होते. तिसऱ्या रविवारी नवा कागद लावताना त्या मुलाने पेन मागून घेतले आणि खाली एक ओळ वाढविली : ‘संडास : सर्वांनी, क्रमाने.’ बाकीचे गप्प राहिले. पण त्या आठवड्यात ज्याचा क्रम होता तो झाडू घेऊन गेला. आम्ही त्या खोलीत गेलो तेव्हा तो कागद भिंतीवर होता.

कोकणातले आप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला द्यावे म्हणून उपोषण केले. जन्माने ब्राह्मण असल्यामुळे सरकार त्यांना ते काम देईना! गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडले होते. जे काम मिळावे म्हणून एका मोठ्या माणसाला उपाशी राहावे लागले, तेच काम नव्वद वर्षांनी एका मुलाला न मागता मिळत होते. (जाता जाता एक सूचना, कारण तरुण मंडळी समोर बसली आहेत. संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि कोंदट जागेत तो जिवावर बेततो.)

मुलाने घरकाम शिकावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहात, आपली कामे आपण करीत आणि एका पंगतीला बसत. गिरणगावात मात्र वेगळे घडले. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणीकामगार बायको गावी ठेवून एका गाळ्यात वीस-वीस जणांबरोबर राहिला आणि जेवला खाणावळीत. खाणावळ चालविणाऱ्या बाया पहाटेपासून चुलीपुढे बसत, म्हणून गिरणीचा भोंगा वाजल्यावर तो वेळेवर दारात असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कोठे त्यांच्या श्रमाकडे लोकांचे लक्ष गेले. गिरण्यांच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे भरपूर सापडतात. या बायांची शोधावी लागतात.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे मोजावे याचे सूत्र ठरविले. मिळवता एक, खाणारी माणसे चार. पुरुषाचा एक घटक, स्त्रीचा ०.८, दोन मुलांचे प्रत्येकी ०.६, बेरीज तीन. डॉ. ॲक्रॉइड यांच्या हिशोबाने दर घटकाला रोज २७०० कॅलरी. माणशी वर्षाला १८ वार कापड. घरभाडे. आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली त्यात शिक्षण, औषधपाणी, करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के घातले. या सूत्राचे आमच्यावर उपकार आहेत. मालकापुढे बसताना तोच कागद आमच्या हातात असतो, आणि आजही पुष्कळ कंत्राटी कामगारांना त्याच्या जवळपास जाणारे वेतन मिळत नाही. पण तो कागद पुन्हा वाचा. गहू मोजले आहेत, जळण मोजले आहे. कणीक मळणारे हात कोठेच नाहीत. ते घरात असतातच, असे धरून चालले आहे. स्त्रीचे खाणे दशांशात मोजले. तिचे काम पूर्णांकातही आले नाही.

सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळाची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी घरातले बिनपगारी काम एखाद्या दिवशी करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१, पुरुष २६. जे करतात त्यांच्यातही स्त्रीचा वेळ दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषाचा ९७. जवळजवळ पाच तासांची ही पाळी आहे. आठ तासांच्या दिवसासाठी जगभर कामगारांनी रक्त सांडले. त्या हिशोबात हे पाच तास कोणी धरले नव्हते.

आणि आता शिकलेले विसरण्याविषयी. खोलीवर दोन-तीन वर्षे झाली की गावाहून सूर निघतो, ‘पोराचे खाण्यापिण्याचे हाल होताहेत, दोनाचे चार हात करून टाका.’ वस्तुतः हाल संपलेले असतात; पोरगा उत्तम भाकरी करीत असतो. तरी लग्न होते. वेगळी खोली घेतली जाते आणि भिंतीवरचा कागद जुन्या खोलीतच राहतो. महिन्याभरात तोच हात, जो तव्यावरची भाकरी नेमक्या क्षणी उलटीत होता, चहाचा कप उचलून मोरीत ठेवीनासा होतो. कला अशी एका रात्रीत जाते हे आम्हांला तरी नवल वाटते. यंत्रावरचा हात दोन वर्षांच्या खंडानंतरही इतका बसत नाही.

त्याची बायको घरीच असते असेही नाही. पॅकिंगच्या, वायरिंगच्या कामावर जाणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. आमच्या सभेला त्या येतात, दाराजवळ बसतात आणि ठराव मतास येण्याआधी घड्याळ पाहून उठतात. जे ठराव त्यांच्या पगाराचे असतात तेही त्यांच्यावाचून पास होतात. काही पुरुष कार्यकर्ते म्हणतात, बायकांना युनियनची आवड नाही. त्यांना आम्ही विचारतो, सभेनंतर तुमच्या घरी जेवण तयार असते ना? मग ते विषय बदलतात.

दोघेही कामावर जाणारे एक जोडपे आम्हांला माहीत आहे. त्यांच्या घरी कागद आजही आहे. गावाहून सासू आली, मुलाला पोळपाटाशी बसलेला पाहून तिने लाटणे काढून घेतले. मुलगा म्हणाला, ‘आई, तूच फोनवर शिकवलंस.’ सासू दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या भाकरीला काठ जाड राहतो, एवढे सांगून तिने तो कसा पातळ करावा ते दाखविले.

आमच्या नव्या मागणीपत्रात दोन कलमे आहेत. रात्रपाळीला कँटीनमध्ये गरम जेवण; आणि पाळ्यांचे पत्रक महिनाभर आधी लागावे. पहिले कलम व्यवस्थापनाला समजते. दुसऱ्यावर त्यांचे अधिकारी विचारतात, पाळी आदल्या दिवशी कळली तर कामगाराचे बिघडते काय? आमच्यातला एक पोरगा त्यांना म्हणाला, ‘साहेब, उद्या कणीक कोणी मळायची ते आज ठरवावं लागतं.’ साहेबांना ती थट्टा वाटली. बोलणी अजून चालू आहेत, पुढची बैठक येत्या महिन्यात आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे.