रस्त्याची रेषा आणि आपली वस्ती
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



नव्या रस्त्यांमुळे उठणाऱ्या गोरगरिबांच्या वस्त्या, हा विषय आम्हाला बोलण्यासाठी दिला आहे. कल्याणकारी संस्थेचा याच्याशी काय संबंध, असे काहींना वाटेल. ज्यांच्या दारावर मोजणीचा नंबर पडला आहे, त्यांना तसे वाटत नाही.

मुंबईत ही गोष्ट नवी नाही. १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. शहरात हवा खेळावी म्हणून ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि आज ज्याला आपण मोहम्मद अली रोड म्हणतो तो, हे सर्व त्यांतलेच. रस्त्यासाठी घरे आधी पडली, चाळी मागाहून उठल्या आणि त्याही अपुऱ्या. उठवलेली माणसे शेजारच्याच गल्लीत दाटीवाटीने शिरली. परळच्या ज्या बी. आय. टी. चाळीत १९१२ ते १९३४ या काळात बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते, ती याच ट्रस्टची. त्या तीन अक्षरांचा उलगडा विद्यार्थ्यांनी एकदा करून घ्यावा. आपला इतिहास रस्त्यांच्या इतिहासात गुंतलेला आहे.

पुढे १९८१ साली ऐन पावसाळ्यात मुंबईत फूटपाथवरील व झोपड्यांतील माणसे उठवली गेली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटला म्हणून ते सर्वांना माहीत आहे. त्यात कामराज नगर नावाची एक वस्ती होती, हे फारसे कोणी सांगत नाही. पश्चिम द्रुतगती महामार्गालगत पाण्याचे पाइप टाकणाऱ्या कंपनीच्या मजुरांनी ती वसवली होती, आणि ती हटवण्याचे एक कारण म्हणजे ती महामार्गाला जाणाऱ्या जोडरस्त्यावर आहे! महामार्गावर राबलेल्यांचीच घरे महामार्गाला आड आली. १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असे न्यायालयाने मानले. भाषणांतून आपण एवढेच सांगतो आणि टाळ्या घेतो. पण वस्ती हटवूच नये, असे न्यायालय म्हणाले नाही. वीस वर्षांहून जुनी, सुधारणा झालेली वस्ती सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्यासच हटवावी आणि तेव्हा पर्यायी जागा द्यावी, असे त्या निकालात आहे. रस्ता हे सार्वजनिक काम ठरतेच. म्हणून आपली खरी लढाई दोन गोष्टींची असते. रेषा कोठून जाते, आणि पर्यायी जागा कोणाला, कोठे मिळते.

सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्याचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेने २००२ साली कर्ज मंजूर केले. त्यात रेल्वे होती, रस्ते होते आणि उठणाऱ्यांचे पुनर्वसनही होते. सुरुवातीला सुमारे ८० हजार माणसे बाधित होतील असा अंदाज होता. तो पुढे १ लाख २० हजारांवर गेला. घर म्हणून २२५ चौरस फुटांची खोली. कुर्ल्याच्या बाजूला रस्त्याकाठी वर्षानुवर्षे धंदा करणारे दुकानदार होते. ज्याचे दुकान मोठे, त्यालाही फुकट तेवढेच २२५ फूट, आणि तेही दूर मानखुर्दला, जिथे त्याचे गिऱ्हाईक नाही. या दुकानदारांनी व रहिवाशांनी २००४ साली बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रारी केल्या. एकूण चार अर्ज गेले. पॅनेलने चौकशी करून डिसेंबर २००५ मध्ये बरेचसे दोष मान्य केले, आणि १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते व पुनर्वसन यांचा पैसा थांबवला. जूनअखेर तो पुन्हा सुरू झाला, रस्ताही २०१४ साली खुला झाला. म्हणजे रस्ता अडला नाही. पण दुकानाचे फूट मोजून, कागद लावून केलेल्या अर्जाने चार महिने पैसा अडवला. घोषणांनी तेवढे झाले असते का? आम्हाला शंका आहे.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या माहितीतील एका वस्तीवर रस्त्याची रेषा आली. मोजणीचे पथक कामाच्या दिवशी सकाळी आले. पुरुष नाक्यावर, बाया घरकामाला. कुलूपबंद दारांपुढे 'बंद' असा शेरा पडला. एका विधवा ताईंचे घर सासऱ्यांच्या नावे. लाइट बिल सासऱ्यांचे, रेशन कार्ड नवऱ्याचे, आणि दोघेही वारलेले. कागद सारे होते, पण एक नाव दुसऱ्याशी जुळेना. ताई अपात्र ठरल्या. अपिलाची मुदत संपायला चार दिवस असताना त्या आमच्या कार्यालयात आल्या. आम्ही जयंतीच्या वर्गणीचा हिशेब करीत होतो. "पुढच्या आठवड्यात या," असे आम्ही त्यांना सांगितले. मुदतीचे विचारलेसुद्धा नाही. अधिकाऱ्यांना दोष देणे सोपे होते आणि आम्ही तो दिलाही.

तेव्हापासून आम्ही वारसाची नोंद आधी पाहतो. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत घर मिळते, त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. पुरावा त्या तारखेआधीचा आणि त्याच जागेचा हवा. झोपडपट्टी पुनर्वसनातील घर पती-पत्नी दोघांच्या नावे होते, हे भगिनींनी लक्षात ठेवावे. भाडेकरूंचा प्रश्न मात्र अवघड आहे. घरमालक सभासद, भाडेकरू नाही, म्हणून आपणही त्यांच्या बाजूने तोंड उघडत नाही. हे आम्हाला बोचते.

रेषेविषयी विद्यार्थी पुष्कळ करू शकतात. विकास आराखड्याचा नकाशा कोणालाही पाहता येतो, त्यावर मुदतीत हरकत घेता येते. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये तो मागे घ्यावा लागला. आपला विहार, बालवाडी, अभ्यासिका त्या नकाशावर आहे की कोरी जागा दाखवली आहे, एवढे पाहिले तरी मोठे काम होईल.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराचे नाव घेतल्यावाचून हा विषय सोडता येत नाही. ११ जुलै १९९७ रोजी तेथे गोळीबारात आपली दहा माणसे गेली. पूर्व मुक्त मार्ग छेडानगरहून पुढे ठाण्याकडे न्यायचा ठरला तेव्हा त्याची रेषा या वस्तीला लागली. तेथे एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी मिळून सोळा हजारांहून अधिक झोपड्यांचा त्याच जागी पुनर्विकास हाती घेतला आहे. त्याच जागी, हे दोन शब्द आम्हाला मोलाचे वाटतात. मुलांची शाळा तीच, बायांची कामे तीच, शेजार तोच. अर्थात घर रिकामे केल्यापासून चावी हाती येईपर्यंतची वर्षे भाड्याच्या खोलीत काढायची असतात, आणि त्या काळात कोण कोठे पांगले याची वही कोणीतरी ठेवावी लागते. ती वही ठेवणे हे संस्थेचे काम आहे, असे आम्ही समजतो.

येत्या रविवारपासून सकाळी दहा ते एक विहारात कागद तपासायला आम्ही बसणार आहोत. अपिलाची तारीख असेल त्याने आधी सांगावे, रांग नाही. मूळ कागद आणू नयेत, झेरॉक्स आणाव्यात. मागे एका काकांचे रेशन कार्ड आमच्याच कपाटात तीन महिने पडून राहिले होते.