अभ्यासक्रमाचा पुनर्विचार आणि वर्गातील टॅब



शाळेत नवे साधन आले की त्याची गत बहुधा दोन प्रकारची होते. कोठे ते नारळ फोडून कपाटात बंद केले जाते, तर कोठे सारा वर्गच त्याच्या स्वाधीन करून शिक्षक नोंदवह्या पुऱ्या करावयास बसतो. दोन्ही ठिकाणी मुलाच्या पदरी काही पडत नाही. टॅबच्या बाबतीत असे होऊ नये, असे वाटत असेल तर टॅब चालविण्याचे शिक्षण पुरेसे नाही. ज्या पाठासाठी तो हाती घ्यावयाचा, त्या पाठाचाच प्रथम विचार झाला पाहिजे.

ठाणे जिल्ह्याकडे पाहावे. मिरा-भाईंदर शहरातील सिल्व्हर पार्कसारख्या दाट इमारतींच्या वस्तीत मूल शाळेत येण्यापूर्वीच पडद्यावर बोट फिरवू लागते. शहापूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावर घरातील एकुलता एक मोबाईल सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. शहरातील मुलास टॅब ही परिचित वस्तू आहे. पाड्यावरील मुलास शाळेतील टॅब हाच कदाचित त्याचा पहिला टॅब होय. याच शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुलांच्या हाती टॅब देऊन अध्यापन सुरू झाले आणि राज्यभरातील शिक्षक ती शाळा पाहावयास गेले. लहान गावची लहान शाळा हे करू शकते, याविषयी आता शंका उरली नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की, टॅबवर मुलाने काय करावयाचे?

हा प्रश्न यंत्राहून जुना आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांत काय शिकवावे हेच मांडले होते. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची ओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्य यांवरील काही पाठ, असा त्यांचा आग्रह होता. शेतकऱ्याच्या मुलाच्या जीवनाशी शाळेचा संबंध असावा, ही त्यामागील दृष्टी. पुढे ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, ते 1957 साली कोसबाडला गेले. ही दोन्ही गावे तेव्हाच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातील. ताराबाईंनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी महागडी साधने मागविली नाहीत. शिंपले, खडे, पाने, बिया यांतूनच शिक्षणाचे साहित्य उभे केले. मुलास काय यावे हे त्यांनी आधी ठरविले व साधन त्यानंतर शोधिले. टॅबच्या बाबतीतही हाच क्रम राखणे अगत्याचे आहे.

क्रम उलटा झाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने दिले आहे. तेथे शासनाने लाखो मुलांना लहान लॅपटॉप वाटले. 319 ग्रामीण शाळांतील पाहणीचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. मुलामागे एक यंत्र आले, परंतु गणित व भाषा या विषयांतील संपादनात फरक आढळला नाही. याउलट बडोद्याच्या नगरपालिका शाळांत या शतकाच्या आरंभी चौथीच्या मुलांना आठवड्यातून केवळ दोन तास, तेही एका संगणकावर दोघांनी बसून, गणिताचे खेळ दिले होते. खेळाची काठिण्यपातळी मुलाच्या उत्तरांनुसार बदलत असे. त्या मुलांचे गणित ठळकपणे सुधारले. उपक्रम संपल्यावर वर्षभरात त्या लाभाचा बराचसा भाग ओसरला, हेही ध्यानात ठेवावे. यंत्रे पेरूत अधिक होती. मुलास नेमके काय येत नाही हे पाहून दिलेला अभ्यास मात्र बडोद्यात होता.

आता आपल्या वर्गातील एक पाठ घेऊ. दुसरीच्या मुलास ‘सत्तावीस’ लिहावयास सांगितले की पुष्कळदा ते 72 लिहिते. आपण त्यास निष्काळजी म्हणतो. वस्तुतः त्याने आपले शब्द प्रामाणिकपणे ऐकलेले असतात. मराठीत ‘सत्ता’ आधी आणि ‘वीस’ मागून येते, अंकांत मात्र दशक आधी लिहावा लागतो. ‘एकोणतीस’ तर याहून अवघड. नावात तीस आहे, लिहिताना दशकाच्या घरी दोनच. ही अडचण ओळखून 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांच्या जोडीला ‘वीस सात’ अशा धर्तीचे वाचन देण्यात आले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. त्या बदलाची पुष्कळ थट्टा झाली. परंतु मुलाची चूक भाषेत आहे की गणितात, हा त्यामागील प्रश्न मोलाचा होता. अभ्यासक्रमाचा पुनर्विचार म्हणतात तो हाच.

या पाठात टॅबचे स्थान कोठे? प्रारंभी नव्हे. प्रथम मुलाने काड्या मोजाव्यात, दहा-दहांचे गठ्ठे स्वतःच्या हातांनी बांधावेत. दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या समोर मांडून ‘वीस सात, म्हणजे सत्तावीस’ असे म्हणावे. त्यानंतर ते पाटीवर लिहावे. हे झाल्यावर टॅब द्यावा. त्याने संख्या ऐकवावी, मुलाने गठ्ठे व सुटे निवडावेत आणि उत्तर बरोबर की चूक हे तत्क्षणी कळावे. चाळीस वेळा विचारूनही यंत्र कंटाळत नाही, आवाज चढवीत नाही व चुकलेल्या मुलाकडे सारा वर्ग वळून पाहात नाही. भित्र्या मुलास हे फार मोठे साहाय्य आहे. परंतु मूल 72 का लिहिते, हे त्याच्याजवळ बसून शिक्षकालाच जाणून घ्यावे लागेल.

द्विशिक्षकी शाळेत टॅबचा आणखी एक उपयोग आहे. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात. एका इयत्तेस प्रत्यक्ष शिकविताना दुसरी केवळ उतारा काढीत बसते. चार टॅब असले तरी वीस मुलांचे पाच-पाचांचे चार गट होतात. प्रत्येकाची पाळी ठरवावी आणि गटात ज्यास येते त्याने दुसऱ्यास सांगावे. वीस मिनिटे पुरेत. त्यानंतर टॅब मिटवून तेच उदाहरण वहीत सोडवून घ्यावे. वहीत उतरले नाही ते मुलास आले, असे समजू नये.

साधन नसले तरी मार्ग खुंटत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापून कविता, चित्रफिती व स्वाध्याय मुलांपर्यंत पोचविले. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. शोध एका खेड्यातील शिक्षकाचा होता आणि तो पुस्तकास धरून होता, हे विशेष.

हे सारे कशासाठी, याचे उत्तर एका आकड्यात आहे. 2024 च्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे 23 मुलेच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली. उरलेल्या मुलांच्या हाती टॅब दिला तर ती चित्रे पाहतील, गाणी ऐकतील, रमतील आणि वर्ग शांत राहील. त्या शांततेने समाधान मानू नये. वाचता न येणारे मूल पूर्वी वर्गात उठून दिसत असे, पडद्याच्या उजेडात ते झाकले जाण्याचा धोका आहे.

म्हणून प्रत्येक शिक्षकाने येत्या महिन्यात एकच पाठ निवडावा. त्यात आपली मुले कोठे अडतात याची नावानिशी नोंद करावी. त्यांपैकी काय हाताने, काय पाटीवर, काय एकमेकांकडून आणि काय टॅबवर शिकता येईल, याची विभागणी करावी. महिनाअखेर त्याच मुलांची पुन्हा परीक्षा घेऊन ती नोंद केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावी. दहा शाळांतील दहा पाठांच्या अशा नोंदी एकत्र आल्या, तर कोणता भाग गाळावा, कोणता वाढवावा व कोठे क्रम बदलावा, हे वर्गातील अनुभवावरून सांगता येईल. अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांना खेड्यातील शाळेकडून असे साहाय्य हवेच आहे, आणि ते शिक्षकांवाचून दुसरे कोणी देऊ शकणार नाही.